पोर्ट लुई : एका बेटावरील शहराचा बाजार, बागा आणि सोळा पायऱ्या
(द्वितीय वर्ष कला)

शहराचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. शहरात दुकाने असतात, भाजीबाजार असतो, संध्याकाळी मुलांना घेऊन बसायला एखादी बाग असते. पण त्यांना इतिहास असतो असे आपल्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते. गेल्या वर्षी वर्गात वसाहतींचा इतिहास शिकताना पाठ्यपुस्तकात एक वाक्य आले : गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला नेण्यात आले. सरांनी ते वाचले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मी मात्र ‘ऊस’ आणि ‘मजूर’ या दोन शब्दांपाशी अडकलो. माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. म्हणून मी ग्रंथालयात जे मिळेल ते वाचू लागलो. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई हे शहर मी पाहिलेले नाही. वाचनातून, नकाशांतून आणि छायाचित्रांतून ते जसे समजले तसे येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

स्थान आणि स्थापना

मॉरिशस हे हिंदी महासागरातील, मादागास्करच्या पूर्वेस असलेले छोटेसे बेट आहे. आपला एखादा मोठा तालुका डोळ्यांपुढे आणावा, एवढाच त्याचा विस्तार. हवा उष्ण व दमट, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत चक्रीवादळांचे भय असते. या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. १५९८ मध्ये डच लोक तेथे उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटाला ‘मॉरिशस’ हे नाव दिले. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला आणि त्याला ‘इल द फ्रान्स’ म्हणू लागले.

वायव्य किनाऱ्यावरील एका सुरक्षित खाडीला शहराचे रूप दिले ते १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माए द ला बुर्दोने याने. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या नावावरून हे ‘पोर्ट लुई’ झाले. ला बुर्दोनेने बंदर बांधले, पाण्याचा पाट आणला, इस्पितळ उभारले, सरकारवाडा बांधला. मात्र ‘बांधले’ हे क्रियापद वाचताना आपण थांबले पाहिजे. दगड वाहणारे हात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे होते. शिवाय पाँडेचेरीहून गवंडी, सुतार असे कारागीर नेले गेले होते. त्यांची वस्ती शहराच्या एका बाजूस होती आणि तिला ‘मलबारांची छावणी’ म्हणत. म्हणजे आपल्याकडची माणसे ऊसमजूर म्हणून जाण्यापूर्वी शंभर वर्षे तेथे कारागीर म्हणून पोचली होती.

डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. जुने नाव ‘मॉरिशस’ परत आले, पण शरणागतीच्या अटींप्रमाणे फ्रेंच रहिवाशांचे कायदे, धर्म, भाषा आणि मालमत्ता कायम राहिली. म्हणूनच आजही तेथे सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावरचे बोलणे क्रिओल भाषेत, असा त्रिवेणी संगम आढळतो.

बंदरासमोरचा चौक

बोटीतून उतरलेल्या प्रवाशाला पहिल्यांदा दिसतो तो ‘प्लास दार्म’ हा लांबट चौक. दोन्ही बाजूंना उंच ताडासारखी झाडे आहेत. समुद्राच्या टोकाला ला बुर्दोनेचा पुतळा आणि दुसऱ्या टोकाला सरकारवाड्यापुढे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा आहे. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन साम्राज्ये उभी आहेत, आणि या देशाने स्वतंत्र झाल्यावरही त्यांतील कोणालाच खाली उतरवलेले नाही.

चौकाच्या जवळच बंदरालगत ‘कोदाँ’ नावाची नवी बाजारपेठ आहे. ती १९९६ मध्ये सुरू झाली. तेथे काचेची दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृह असे सारे आहे. याच ठिकाणी एक लहान संग्रहालय असून त्यात १८४७ सालची दोन जगप्रसिद्ध टपाल तिकिटे ठेवलेली आहेत, एक एक पेनीचे आणि दुसरे दोन पेनीचे निळे. १९९३ मध्ये मॉरिशसमधील काही संस्थांनी एकत्र येऊन वीस लाख डॉलरच्या आसपास किंमत मोजून ती परत मायदेशी आणली. कागदाच्या एवढ्याशा तुकड्याला एवढे मोल कसे, असे मला प्रथम वाटले. पण कागद जपला की त्याच्याबरोबर काळ जपला जातो, हे पुढे दुसऱ्याच एका कागदामुळे मला समजले. त्याविषयी शेवटी लिहीन.

कंपनीची बाग

सरकारवाड्यापासून थोड्या अंतरावर ‘कंपनीची बाग’ आहे. कंपनी म्हणजे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी. बंदरात येणाऱ्या जहाजांना ताजी भाजी पुरवण्यासाठी हा मळा होता. पुढे त्याची सार्वजनिक बाग झाली. तेथे पारंब्या सोडलेले प्रचंड वड आहेत. दुपारी कचेरीतील कारकून आणि शाळेतील मुले त्यांच्या सावलीत डबे खातात. वडाखाली बसून भाकरी खाणे ही आपल्या खेड्यातली रीत, ती समुद्रापलीकडेही दिसते.

या बागेत बरेच पुतळे आहेत. त्यांतील दोन मला महत्त्वाचे वाटतात. एक आहे आद्रियाँ देपिने या वकिलाचा. गुलामगिरी बंद होण्याच्या वेळी हा मळेवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून लंडनला गेला आणि गुलाम सोडावे लागणार म्हणून मालकांना नुकसानभरपाई मिळावी यासाठी झगडला. मॉरिशसच्या मालकांना सुमारे वीस लाख पौंड मिळालेही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने मुक्त झालेल्या साठ हजारांहून अधिक गुलामांना मात्र एक पैसाही मिळाला नाही, उलट त्यांना आणखी काही वर्षे ‘उमेदवार’ या नावाखाली त्याच मालकाकडे राबावे लागले. दुसरा अर्धपुतळा आहे रेमी ओलिए या पत्रकाराचा. मिश्रवर्णीय लोकांच्या हक्कांसाठी त्याने १८४३ मध्ये वृत्तपत्र काढले आणि १८४५ मध्ये ऐन तिशीच्या आत तो वारला. एकाच बागेत मालकांचा वकीलही आहे आणि हक्क मागणारा पत्रकारही. खाली डबा खाणाऱ्या मुलांपैकी किती जण पुतळ्याखालची पाटी वाचत असतील? पण बाग त्या दोघांनाही सावली देते.

बागेला लागून निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आहे. त्याच्याकडे डोडो पक्ष्याचा सांगाडा आहे. डोडो फक्त मॉरिशसमध्येच होता. त्याला उडता येत नव्हते आणि माणसाचे भय ठाऊक नव्हते. डचांबरोबर आलेली डुकरे, उंदीर, माकडे यांनी त्याची अंडी फस्त केली आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो नामशेष झाला. जगात डोडोची हाडे इतरत्रही आहेत, परंतु एकाच पक्ष्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा म्हणून येथील सांगाडा प्रसिद्ध आहे. तो १९०४ च्या सुमारास एतिएन तिरिऊ या गृहस्थाने शोधून काढला. हा तिरिऊ कोणी प्राध्यापक नव्हता. पोर्ट लुईत केशकर्तन हा त्याचा व्यवसाय. सवड मिळाली की डोंगरातील गुहा-कपारी धुंडाळायचा. शास्त्राच्या पुस्तकात आज त्याचे नाव आहे. अभ्यासाचा अधिकार केवळ पदवीने मिळत नाही, हे आमच्यासारख्या घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे.

बाजार आणि दुकाने

चौकाच्या उत्तरेस मध्यवर्ती बाजार आहे. तो एकोणिसाव्या शतकापासूनचा. लोखंडी दरवाजावर राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे आहेत. आत मात्र वांगी, कारली, दोडकी, भोपळे, पालेभाज्या यांचे ढीग. कोथिंबिरीला तेथे ‘कोतोमिली’ म्हणतात, तो शब्द तमिळमधून आला. चटणीला ‘सातिनी’ म्हणतात. झाडपाल्याची औषधे विकणाऱ्यांचे गाळे आहेत आणि कोणत्या दुखण्याला कोणता काढा घ्यावा हे ते सांगतात. दारात दालपुरी विकणारे उभे असतात. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, वाटून, पातळ पोळीत भरायची, भाजायची आणि वर रस्सा व चटणी घालून गुंडाळून द्यायची. पुरणपोळीची ही तिखटमिठाची बहीणच. बिहारी मजुरांच्या चुलीवरचा हा पदार्थ आज तेथे चिनी, क्रिओल, गोरे, सगळेच रस्त्यात उभे राहून खातात.

बाजारापासून जवळच्या कोर्दरी रस्त्यावर कापडाची दुकाने आहेत. मजुरांपाठोपाठ सुरत-कच्छकडील व्यापारी आले, ते धान्य आणि कापडाच्या व्यापारात शिरले. रॉयल रस्त्यावरची जुम्मा मशीद ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. तिच्या पलीकडे लगेच चिनी वस्ती सुरू होते. एका रस्त्यावर अजान, अगरबत्तीचा वास आणि भाजलेल्या बदकाचा वास एकत्र येतात, असे वर्णन वाचून मला मौज वाटली.

परंतु दुकानांपैकी मला सर्वांत विचार करायला लावले ते चिनी किराणा दुकानाने. ही दुकाने केवळ शहरात नव्हती. शहरातील घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेऊन चिनी दुकानदार बेटावरच्या प्रत्येक खेड्यात, मळ्याच्या कडेला दुकान थाटून बसला. मजुराच्या हाती रोख पैसा नसे. मग दुकानदार वही घाली. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, रॉकेल, सुके मासे, जे नेले ते वहीत लिहायचे आणि पगार झाला की हिशेब करायचा. मूठभर डाळ, चमचाभर तेल असा किरकोळ मालही तो देई. गिऱ्हाइकाशी तो क्रिओलमध्ये, भोजपुरीतही बोले. या वहीला दोन बाजू आहेत. तिने मजुराला कर्जात बांधून ठेवले हे खरे, आणि पगाराआधीच्या आठवड्यात त्याच्या पोरांना जेवू घातले हेही खरे. ज्यांच्या घरी दुकानाची उधारी चालते त्यांना यातील एकच बाजू खरी असे म्हणता येणार नाही.

सोळा पायऱ्या

आता बाजारातून किनाऱ्याकडे वळू. बंदराच्या उत्तरेकडील कोपऱ्यात, त्रू फान्फारों नावाच्या ठिकाणी, काळ्या दगडाच्या काही जुन्या इमारती आणि एक लहानसा जिना आहे. त्याला सोळा पायऱ्या आहेत. हाच ‘आप्रवासी घाट’.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. गुलामांऐवजी कराराने आणलेले मजूर मळे चालवू शकतात की नाही, याचा ब्रिटिश सरकारने केलेला हा प्रयोग होता. मळेवाल्यांच्या दृष्टीने तो यशस्वी झाला आणि मग हीच पद्धत त्रिनिदाद, गियाना, नाताळ, फिजी अशा दूरच्या वसाहतींत गेली. १८४९ पासून या घाटावर मजुरांचे आगमन-केंद्र होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे अशी मॉरिशसला आली. बहुतेक कलकत्ता व मद्रास बंदरांतून, काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसे बरीच होती.

‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. पाच रुपये महिना, वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. मुकादमाला तेथे ‘सरदार’ म्हणत. करारात एक जाचक पद्धत होती, तिला ‘दुहेरी कपात’ म्हणत. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्याकडे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादम ‘उचल’ देतो. ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. एखादा दिवस आजाराने कोयता चालला नाही तर त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचे पैसे वेगळे कापले जातात. लहानपणापासून हे शब्द मी ऐकत आलो होतो. त्यांना जुनी वंशावळ आहे हे मला ठाऊक नव्हते. अर्थात दोन्ही गोष्टी एक नव्हेत. आमची माणसे समुद्र ओलांडत नाहीत, चैत्राच्या आसपास घरी परततात, आणि पाहिजे तर मला कॉलेजात घालू शकतात. तरीही साम्य दिसते ते दिसतेच.

या केंद्राची बरीचशी जागा पुढे रस्त्याच्या बांधकामात गेली आणि थोडेच अवशेष उरले. जे उरले ते देशाने जपले. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळांत घेतले. आज २ नोव्हेंबर हा मजुरांच्या आगमनाचा दिवस आणि १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या अंताचा दिवस, दोन्ही दिवशी मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. घाटाजवळच्या ला बुर्दोनेच्या काळातील लष्करी इस्पितळात २०२३ मध्ये गुलामगिरीविषयीचे संग्रहालय उघडले आहे. म्हणजे गुलाम आणि मजूर या दोघांच्या स्मृती आता शेजारी शेजारी नांदतात.

मैदान

शहराच्या मागच्या अंगाला, डोंगरांच्या कुशीत ‘शां द मार्स’ हे मोठे मैदान आहे. फ्रेंचांच्या काळी तेथे सैन्याची कवायत होई. १८१२ मध्ये ड्रेपर नावाच्या इंग्रज कर्नलने तेथे घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. जिंकलेले इंग्रज आणि हरलेले फ्रेंच यांनी एकत्र यावे हा त्यामागे हेतू होता. दक्षिण गोलार्धातील हे सर्वांत जुने शर्यतीचे मैदान मानले जाते. ऑक्टोबर १९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून मायदेशी येताना गांधीजींचे जहाज पोर्ट लुईला थांबले. सुमारे तीन आठवडे ते मॉरिशसमध्ये होते. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी तेथील हिंदी लोकांना सांगितले. पुढे १२ मार्च १९६८ रोजी याच मैदानावर ब्रिटिश निशाण उतरून मॉरिशसचा चौरंगी ध्वज चढला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे मजुराचेच पुत्र होते. दांडीयात्रा निघाली तीच ही तारीख.

नावे

आता वर उल्लेखिलेल्या कागदाविषयी. घाटावर उतरलेल्या माणसाची नोंद मोठ्या वह्यांत होई. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, जहाजाचे नाव. प्रत्येकाला क्रमांक मिळे. १८६० नंतरच्या दशकात मजुरांची छायाचित्रेही काढली जाऊ लागली. हे सारे मालकाच्या आणि पोलिसांच्या सोयीसाठी होते, मजुराच्या मानासाठी नव्हे. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले. कित्येक घराण्यांत पणजोबांचे पाळण्यातले नाव हेच पुढे आडनाव होऊन बसले. पण काळ उलटला. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत आणि मजुरांचे पणतू तेथे जाऊन आपल्या माणसाचे नाव, गाव शोधतात. पाळत ठेवण्यासाठी लिहिलेली वही कुळाचा आधार झाली. तेथील मराठी मंडळी आजही गणेशचतुर्थी साजरी करतात, त्या दिवशी देशात सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ ते नाचतात.

हे वाचल्यावर सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी वडिलांना विचारले, “आण्णा, मुकादमाच्या वहीत तुमचं नाव कसं लिहितात?”

ते म्हणाले, “नाव कशाला लागतं? एक कोयता असं लिहितात.”

एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणजे आईचे नाव तर नाहीच, वडिलांचेही नाही. एकटा माणूस असला तर तो ‘अर्धा कोयता’. दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारच्या कारकुनाने बाईमाणसाचेही नाव आणि गाव वेगळे लिहून ठेवले होते, आणि आमच्या टोळीत कित्येक हंगाम असे गेले की त्यांचा हिशेब आहे पण माणसे नाहीत.

मग त्या रात्री मी एक शंभर पानी वही काढली. आजीला विचारून पहिल्या पानावर तिचे, आजोबांचे, आईवडिलांचे, चुलत्यांचे नाव लिहिले. कोण कोणत्या वर्षी कोणत्या भागात ऊस तोडायला गेले, कोपी कोठे घातली, कोणते मूल कोणत्या फडावर जन्मले, जेवढे आठवले तेवढे. आजी म्हणाली, “हे लिहून काय होणार रं?” मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

पोर्ट लुईचा अभ्यास करून मला एवढे कळले की शहर घडवणारी माणसे पुतळ्यांत क्वचितच सापडतात. ती बाजारातल्या शब्दांत, दुकानाच्या उधारीत, बागेच्या सावलीत आणि झिजलेल्या पायऱ्यांत सापडतात, तीही कोणी शोधली आणि लिहून ठेवली तर. आपल्या कॉलेजात माझ्यासारखे, घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेले कितीतरी विद्यार्थी आहेत. कोणाचे वडील हमाल, कोणाचे गवंडी, कोणाची आई बाजारात भाजी घेऊन बसते. आपल्या गावाचा बाजार कधी भरू लागला, पहिले दुकान कोणाचे, पारावरचा वड कोणी लावला, हे सांगणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. येत्या सुट्टीत प्रत्येकाने एक वही घरी न्यावी, अशी माझी विनंती आहे. माझ्या वहीची सोळा पाने लिहून झाली आहेत.